मुखत्याराची मर्यादा : वडगांव, सालबाई व लंडन

दप्तराचा जुना रुमाल सुटला म्हणजे संग्राहकाचा हात प्रथम कोठें जातो, हें आम्हीं पुष्कळदां पाहिलें आहे. लढाईची हकीकत, तहाचीं कलमें, एखाद्या थोर पुरुषाचें स्वहस्ताक्षर, निदान ठसठशीत शिक्का असलेलें सनदपत्र, यांवर त्याची दृष्टि खिळते. उलट ज्या कागदांत अमक्यानें तमक्यास आपल्या वतीनें बोलण्याचा, रुजू होण्याचा किंवा करार करण्याचा अधिकार दिला आहे, तो कागद ‘हें नुसतें वकीलपत्र’ असें म्हणून बाजूस सारला जातो. या रुक्ष दिसणाऱ्या कागदावरच पुष्कळदां तहाचा खरेखोटेपणा अवलंबून असतो, आणि तो हरवला असतां इतिहासकार एकास विश्वासघातकी व दुसऱ्यास भोळा ठरवून मोकळा होतो, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

हा विषय आमच्या मनांत कसा आला तें आरंभींच सांगणें प्रामाणिकपणाचें होईल. एका शाळेंत आम्हीं तीस वर्षांहून अधिक काळ संस्कृत व इतिहास शिकविला. वडगांवच्या तहाचा धडा आला म्हणजे ‘इंग्रजांनीं प्राणसंकटांत तह केला व संकट टळतांच तो मोडला’ एवढें वाक्य फळ्यावर लिहून आम्ही पुढें जात असूं. एके वर्षीं मागच्या बांकावरील एका मुलानें विचारलें, “गुरुजी, कारनाक यास तह करण्याचा अधिकारच नव्हता, असें इंग्रज म्हणत होते ना? मग आपल्या लोकांनीं त्याची सही घेतली कशाला?” आम्हांस तत्काळ उत्तर देतां आलें नाहीं. ‘वेळ झाली’ असें म्हणून पुस्तक मिटलें. तें उत्तर आम्हीं त्या मुलास कधींच दिलें नाहीं. निवृत्तीनंतर शोधलें, तें येथें देत आहों.

प्रथम शब्दांचा निवाडा करूं. आपल्या कागदांत परक्याच्या वतीनें काम करणाऱ्यास मुख्यत्वें तीन नांवें येतात: वकील, मुखत्यार व मुतालिक. तिन्ही अरबी मुळाचीं. वकील म्हणजे ज्यावर काम सोंपविलें तो. मुखत्यार हा ‘इखत्यार’ या शब्दाचा सोयरा. ज्यास निवडीचा, म्हणजे स्वबुद्धीनें ठरविण्याचा अधिकार आहे तो. या अधिकारास कामाची मर्यादा नसली म्हणजे त्यास कुलमुखत्यार म्हणत. मुतालिक हा शब्द ‘संबद्ध, अवलंबून असलेला’ या अर्थाच्या ‘मुतअल्लिक’ शब्दापासून आला. तो मोठ्या हुद्देदाराच्या पदरचा दुय्यम. याच्या अगदीं जवळ कानास लागणारा दुसरा शब्द ‘मुतलक’ होय. त्याचा अर्थ नेमका उलट, म्हणजे बंधनरहित, अनियंत्रित. ‘वकील-इ-मुतलक’ या पदवींतील मुतलक व प्रतिनिधींचा मुतालिक यांची गल्लत झालेली आम्हीं चांगल्या चांगल्या नकलांत पाहिली आहे. एक शब्द बांधलेला आहे व दुसरा मोकळा सोडलेला, हें नक्कल करणारानें ध्यानांत ठेविलें पाहिजे. कारण सर्व वाद या बांधणें व सोडणें यांचाच आहे.

कल्पना मात्र अरबी नव्हे. ती आपल्या शास्त्रांत पुष्कळ जुनी आहे. कौटिल्याचें अर्थशास्त्र शामशास्त्री यांनीं म्हैसूर येथें इ. स. १९०९ मध्यें प्रसिद्ध केलें, तेव्हांपासून त्यांतील दूतप्रकरण सर्वांच्या वाचनांत आलें आहे. तेथें दूताचे तीन वर्ग केले आहेत. निसृष्टार्थ, म्हणजे ज्यावर सर्व प्रयोजन सोडून दिलें आहे तो. त्याच्या ठिकाणीं अमात्याचे सर्व गुण असावे. परिमितार्थ, म्हणजे ज्याचें प्रयोजन मोजून दिलें आहे तो. त्याच्या ठिकाणीं एक चतुर्थांश गुण कमी असले तरी चालतील. आणि शासनहर, म्हणजे केवळ आज्ञापत्र पोंचविणारा. त्यास अर्धे गुण पुरेत. अधिकार जितका मोठा तितकी योग्यता मोठी, असें हें सरळ प्रमाण आहे. कामंदकानेंही हीच त्रयी स्वीकारली आहे. वडगांवच्या छावणींत आलेला मनुष्य या तिहींपैकीं कोण होता, एवढाच प्रश्न नीट विचारला असता तर पुढील पुष्कळ वाद वांचला असता.

राजकारणाप्रमाणें न्यायसभेंतही हा विचार झाला आहे. नारदस्मृतीप्रमाणें अर्थीनें किंवा प्रत्यर्थीनें नेमलेला मनुष्य ज्याच्यासाठीं वाद करतो, त्या वादांतील जय व पराजय त्या नेमणाऱ्याचाच होय. तसेंच जो भाऊ नाहीं, बाप नाहीं, पुत्र नाहीं व नेमलेलाही नाहीं, तो परक्यासाठीं बोलूं लागल्यास दंडास पात्र होतो. कात्यायन आणखी एक मर्यादा घालतो. ब्रह्महत्या, सुरापान इत्यादि महापातकांच्या अभियोगांत प्रतिनिधि देतां येत नाहीं. कर्त्यानें स्वतःच उत्तर द्यावें. या तीन नियमांत सर्व सार आलें आहे. नेमणूक असली तर मुखत्याराचें कृत्य धन्यास बांधतें. नेमणूक नसली तर तें बोलणाऱ्याच्याच अंगावर येतें. आणि कांहीं गोष्टी अशा आहेत कीं, त्या कोणीही दुसऱ्यावर सोंपवूं शकत नाहीं.

मराठी राज्याची घडी तर या प्रतिनिधित्वावरच बसलेली होती. अष्टप्रधान मोहिमेवर गेले म्हणजे दरबारांतील त्यांचें काम मुतालिक पाहत. खुद्द पेशवे हे छत्रपतींचे मुख्य प्रधान. त्यांच्या शिक्क्यांत आधीं छत्रपतींचें नांव व मागून प्रधानाचें, हा क्रम शिक्के जमविणाऱ्यांस सांगणें नको. धन्याचें नांव वर व मुखत्याराचें खालीं, ही नुसती नम्रता नव्हे. हा अधिकार कोठून आला याचा पुरावा आहे. मुतालिकाचें सामर्थ्य किती वाढूं शकतें याचें उदाहरणही याच राज्यांत सांपडतें. शाहू महाराजांच्या मृत्यूनंतर इ. स. १७५० मध्यें सांगोल्यास जो पेशव्यांच्या विरुद्ध ठाण मांडून बसला, तो प्रतिनिधि नव्हे. प्रतिनिधींचा मुतालिक यमाजी शिवदेव होय. त्याचा बंदोबस्त करण्यास सदाशिवरावभाऊंस जावें लागलें. म्हणजे प्रतिनिधीचाही प्रतिनिधि फौजेनिशीं राज्याचें राजकारण हालवूं शकत होता.

आतां वडगांवकडे वळूं. पूर्वपीठिका थोडक्यांत अशी. ६ मार्च १७७५ रोजीं मुंबईकर इंग्रजांनीं रघुनाथरावांशीं सुरतेचा तह केला. परंतु १७७३ च्या रेग्युलेटिंग ॲक्टानें मुंबई व मद्रास येथील सरकारांचा युद्ध व तह करण्याचा अधिकार, अत्यंत निकडीचे प्रसंग व विलायतेच्या संचालकांची खास आज्ञा वगळून, कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरल व कौन्सिलाच्या संमतीवर अवलंबून ठेविला होता. म्हणून कलकत्तेकरांनीं सुरतेचा तह नामंजूर केला आणि कर्नल अप्टन यास धाडून १ मार्च १७७६ रोजीं पुरंदर येथें पुणें दरबाराशीं निराळा तह केला. येथें प्रथमच पुण्याच्या कारभाऱ्यांस प्रत्यक्ष अनुभव आला कीं, मुंबईची सही ही पुरी सही नव्हे. तिच्यावर आणखी एक सही लागते. ही गोष्ट पुढें विसरतां कामा नये.

इ. स. १७७८ च्या अखेरीस मुंबईकरांची फौज रघुनाथरावांस घेऊन घाट चढली. मोहिमेचें सूत्र कारनाक, एगर्टन व मॉस्टिन अशा तिघांच्या कमिटीकडे होतें. मॉस्टिन आजारी पडून परतला व १७७९ च्या आरंभींच वारला. एगर्टनची प्रकृति बिघडल्यामुळें सेनापतित्व कॉकबर्न याकडे आलें. कार्ल्याजवळ कॅप्टन स्ट्यूअर्ट, आमचा ‘इष्टुर फांकडा’, पडला. ९ जानेवारीस फौज तळेगांवीं पोंचली तों पुढें मराठी सैन्य, भोंवतीं ओसाड केलेला मुलूख व हातीं अपुरी रसद. ११ तारखेच्या रात्रीं जड तोफा तळ्यांत टाकून माघार सुरू झाली, आणि वडगांवापाशीं फौज पुरी कोंडली गेली.

तेव्हां कमिटीचा चिटणीस फार्मर बोलण्यास आला. रघुनाथरावांस स्वाधीन करा, ही नानांची पहिली मागणी. त्यापुढें कायमचा तह. यावर इंग्रजांच्या बाजूनें सांगण्यांत आलें कीं, वरिष्ठ सरकारच्या संमतीवांचून तह करण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. ग्रँट डफच्या इतिहासांतील हकीकतीप्रमाणें महादजी शिंदे यांनीं या ठिकाणीं असा प्रश्न केला कीं, अप्टनचा तह मोडण्याचा अधिकार तुम्हीं कोठून आणिला, तो आधीं दाखवा. हा प्रश्न म्हणजे नुसती कोटी नव्हे. मुखत्याराच्या कायद्याचें तें मर्म आहे. जो मनुष्य लढाई करण्यापुरता अधिकारी व तह करण्यापुरता अनधिकारी असें म्हणतो, त्याच्या धन्यानें त्याच्या हातीं नेमकें काय दिलें आहे? कलकत्तेकरांनीं १७७८ मध्यें मुंबईच्या बेतास पाठबळ देऊन बंगालची फौजही धाडली होती. तेव्हां आक्रमणास संमति व समेटास असंमति, असा हा प्रकार होता.

अखेर होम्स यास पूर्ण अधिकार देऊन शिंद्यांकडे पाठविण्यांत आलें व जानेवारीच्या मध्यास करार झाला. थोरल्या माधवरावांच्या पश्चात् घेतलेला साष्टीसुद्धां सर्व मुलूख परत द्यावा, बंगालकडून येणाऱ्या फौजेस परत फिरवावें, भडोच शिंद्यांस द्यावें, हीं त्यांतील मुख्य कलमें. फार्मर व लेफ्टनंट स्ट्यूअर्ट हे ओलीस राहिले. रघुनाथराव शिंद्यांच्या स्वाधीन झाले. वेढलेली फौज सुखरूप मुंबईस गेली. घाट उतरतांच बंगाली फौजेस परत फिरविण्याचा हुकूम फिरविला गेला. मुंबईचा गव्हर्नर हॉर्नबी व कलकत्त्याचा हेस्टिंग्ज या दोघांनींही करार नाकारला. पुढें संचालकांनीं कारनाक, एगर्टन व कॉकबर्न यांस नोकरींतून काढून टाकलें.

आतां त्या विद्यार्थ्याचा प्रश्न. अधिकार नव्हता, तर सही कां घेतली? याचें एक उत्तर असें कीं, हें ठाऊक असल्यामुळेंच ओलीस घेतले. ज्याच्या सहीवर पुरा भरंवसा आहे त्याच्याकडून माणसें ओलीस मागत नाहींत. म्हणजे पुणेंकर भोळे नव्हते. पण ओलिसांनीं अधिकार उत्पन्न होत नाहीं. फक्त भय उत्पन्न होतें. येथवर इंग्रजांचा पक्ष खरा आहे व तो खरा म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं. परिमितार्थ दूतानें मर्यादेपलीकडे दिलेलें वचन धन्यास बांधीत नाहीं, आणि समोरच्यास मर्यादा आधींच सांगितली असेल तर मुळींच नाहीं.

पण प्रश्न येथें संपत नाहीं. धन्यानें मुखत्याराचें अनधिकृत कृत्य नाकारावयाचें असेल, तर तें सबंध नाकारलें पाहिजे. त्यांतील गोड भाग घेऊन कडू भाग टाकतां येत नाहीं. आपल्या देशाच्या १८७२ च्या करारविषयक कायद्यांत हाच नियम कलम १९९ मध्यें घातला आहे. अनधिकृत व्यवहाराच्या एका भागास मंजुरी दिली कीं ती सबंध व्यवहारास दिल्यासारखी होते. दोन सार्वभौम सत्तांमधील तहास हा कायदा लावतां येत नाहीं, आणि तो झाला त्याच्या पुष्कळ आधीं हा प्रसंग घडला, हें आम्हीं जाणतों. तथापि न्यायाची बुद्धि एकच आहे. वडगांवच्या करारांतील गोड भाग कोणता? वेढ्यांतून सुटलेली फौज. ती परत वेढ्यांत नेऊन उभी करणें अर्थातच शक्य नव्हतें. पण मग निदान तिच्या मोबदल्याचा विचार व्हावयास पाहिजे होता. आणि तो झालाही, पण कोणाच्या बाबतींत? शिंद्यांच्या. करार रद्द म्हटला तरी भडोच पुढें महादजींस देण्यांत आलें, आणि वडगांवीं त्यांनीं दाखविलेलें सौजन्य हें त्याचें कारण सांगण्यांत आलें. पेशव्यांचा मुलूख देण्यास अधिकार नव्हता. मध्यस्थाचें पारितोषिक देण्यास मात्र होता. म्हणून आमचें मत असें कीं, कारनाकच्या अनधिकाराचें कारण सांगणें हा इंग्रजांचा दोष नव्हे. तें कारण अर्धवट लावणें हा दोष होय. फळ्यावरचें आमचें वाक्य याप्रमाणें दुरुस्त करावें लागतें.

भडोचचा उल्लेख आला, तेव्हां आपल्या बाजूच्या मुखत्याराकडेही त्याच कठोरपणें पाहिलें पाहिजे. १३ ऑक्टोबर १७८१ रोजीं महादजींनीं कर्नल म्यूर याशीं स्वतःपुरता समेट केला व पेशवे आणि इंग्रज यांमध्यें तह घडवून आणण्याचें पत्करलें. हेस्टिंग्जनें डेव्हिड अँडरसन यास पूर्ण अधिकार देऊन शिंद्यांच्या छावणींत पाठविलें. वडगांवचा धडा इंग्रज विसरले नव्हते. १७ मे १७८२ रोजीं ग्वाल्हेरजवळ सालबाई येथें सतरा कलमांचा तह झाला. त्यांत महादजी पेशव्यांचे मुखत्यार म्हणून आहेत, आणि सोळाव्या कलमानें दोन्ही पक्षांचे जामीनही आहेत. जो पक्ष तह मोडील त्याच्या विरुद्ध त्यांनीं दुसऱ्यास साह्य करावें, अशी ती जामिनकी. म्हणजे धन्यानें करार मोडल्यास मुखत्यारानेंच धन्यावर उठावें! एकाच पुरुषाच्या अंगीं हे दोन धर्म कसे राहावे? आणि या तहांत साष्टी इंग्रजांकडे राहिली, तर भडोच शिंद्यांच्या घरीं आलें.

धनी तरी कोण होता? सवाई माधवरावांचा जन्म १८ एप्रिल १७७४ चा. सालबाईच्या वेळीं ते आठ वर्षांचे. अज्ञान मुलानें मुखत्यार नेमावा कसा? त्यांच्या नांवें नाना फडणीस कारभार पाहत, म्हणजे नाना हेही मुखत्यारच. आणि महादजी मुखत्यारानें नेमलेले मुखत्यार. या दुहेरी सांखळीचा परिणाम तहाच्या मंजुरींत दिसून येतो. हेस्टिंग्जनें जून १७८२ मध्यें तहास मान्यता दिली. नानांनीं मात्र ती लांबविली. हैदराशीं त्यांची दोस्ती होती व तहाच्या नवव्या कलमानें हैदराकडून मुलूख सोडविण्याचें ओझें पुण्यावर येत होतें. ७ डिसेंबर १७८२ रोजीं हैदर मरण पावला, आणि त्याच महिन्याच्या उत्तरार्धांत नानांची मान्यता झाली. तहाची अदलाबदल २४ फेब्रुवारी १७८३ रोजीं झाली. नानांच्या या दिरंगाईस कांहीं लेखक संशयी स्वभाव म्हणतात व कांहीं मुत्सद्देगिरी. आम्हांस त्यांत आणखी एक गोष्ट दिसते. मुखत्यारानें केलेलें कृत्य धन्याकडून मंजूर होईपर्यंत पुरें होत नाहीं, हा हक्क नानांनीं या विलंबानें राखून ठेविला. कारनाकची सही मुंबईस व कलकत्त्यास नाकारतां येते, तर महादजींची सही पुण्यास तपासतां आली पाहिजे. न्याय दोहींकडे सारखा.

महादजींवर येथें स्वामिद्रोहाचा आरोप आम्ही करीत नाहीं. सालबाईनें दीर्घ युद्ध थांबलें, रघुनाथरावांचा पक्ष इंग्रजांनीं सोडला, व पुरंदरच्या तहानंतर इंग्रजांनीं घेतलेला वसईसुद्धां मुलूख परत आला. आमचें म्हणणें इतकेंच कीं, धन्याच्या कामांत मुखत्याराचा स्वतःचा लाभ शिरला म्हणजे काम उत्तम झालें तरी त्याचा हिशेब कायमचा संशयित राहतो. १८७२ च्या कायद्यांत कलम २१३ नें मुखत्यारावर हिशेब देण्याचें बंधन आहे, आणि कलम २१५ व २१६ प्रमाणें धन्याच्या व्यवहारांत त्याच्या नकळत स्वतःसाठीं केलेला व्यवहार धन्यास नाकारतां येतो किंवा त्यांतील लाभ मागून घेतां येतो. भडोच पुण्याच्या नकळत गेलें नाहीं. पण पुण्याच्या मनांतून तें गेलेंही नाहीं.

दोन वर्षांनीं हीच सांखळी दिल्लीस आणखी लांब झाली. १७८४ च्या डिसेंबरांत शाहआलम बादशहाकडून वकील-इ-मुतलकी मिळाली ती पेशव्यांच्या नांवें, व महादजी तिचे नायब. बादशहाचा अनियंत्रित वकील पेशवा. तो पेशवा स्वतः छत्रपतींचा प्रधान. आणि त्याचा नायब शिंदे. १७९२ मध्यें पुण्यास फर्मानबाडीचा समारंभ झाला तेव्हां, छत्रपतींच्या प्रधानानें बादशहाची ही वस्त्रें घ्यावीं कीं नाहीं, असा विचार निघाला व साताऱ्याची अनुज्ञा घेण्यांत आली. एक सेवक दोन धन्यांचा मुखत्यार होऊं लागला तर पहिल्या धन्यास विचारावें लागतें, ही जाणीव सातारा दुर्बळ झाल्यावरही जिवंत होती, हें या प्रसंगानें कळतें.

तिसरें उदाहरण साताऱ्याचेंच, आणि तें सांगतांना लेखणी जड होते. ५ सप्टेंबर १८३९ रोजीं छत्रपति प्रतापसिंह महाराज पदच्युत झाले. तेव्हां मुंबईचा गव्हर्नर सर जेम्स रिव्हेट कारनाक होता; वडगांवच्या कारनाकचा वारसा मिळाल्यामुळें त्याच्या बापानें तें आडनांव घेतलें होतें. महाराजांस काशीस नेण्यांत आलें. त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते १८४० च्या सुमारास लंडनास पोंचले. तेथें त्यांचें पहिलें संकट असें कीं, त्यांची वकिली मान्य करावयासच संचालक तयार नव्हते. सांगावयाचें तें मुंबई सरकारच्या द्वारें सांगावें, अशी त्यांची भूमिका. ज्या सरकाराविरुद्ध फिर्याद, त्याच सरकाराच्या हातीं फिर्यादीचा कागद द्यावा! १८१९ च्या तहाच्या पांचव्या कलमानें छत्रपतींस रेसिडेंटावांचून परक्यांशीं दळणवळण ठेवण्याची मनाई होती, हें खरें. पण विलायतेचें वरिष्ठ सरकार हें परकें कसें? वडगांवीं ‘वरिष्ठ सरकारची संमति पाहिजे’ म्हणणारेच येथें वरिष्ठ सरकारचें दार वकिलास बंद करीत होते. तरी जोसेफ ह्यूम, जॉर्ज टॉमसन यांसारखे लोक कंपनीच्या भागीदारांच्या सभेंत महाराजांचा पक्ष मांडीत राहिले.

१४ ऑक्टोबर १८४७ रोजीं महाराज काशीस वारले. ५ एप्रिल १८४८ रोजीं गादीवरील त्यांचे बंधु आप्पासाहेबही वारले व राज्य खालसा झालें. मुखत्याराची मुखत्यारी धन्याच्या मृत्यूनें संपते, हा सर्वमान्य नियम; १८७२ च्या कायद्याचें कलम २०१ हेंच सांगतें. त्या न्यायानें रंगो बापूजी १८४७ मध्येंच मोकळे झाले होते. धनी नाहीं, राज्य नाहीं, जवळ पैसा नाहीं, डोक्यावर कर्ज. तरी ते वारसांच्या हक्कासाठीं तेथेंच झगडत राहिले व १८५३ च्या अखेरीस परतले. पुढें १८५७ मध्यें त्यांच्या पुत्रास फांशी झाली व ते स्वतः नाहींसे झाले. त्यांच्या या अखेरच्या सहा वर्षांच्या वकिलीस कायद्याचा आधार काय, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर त्याच कायद्याच्या कलम २०९ मध्यें आहे. धनी मरण पावला असतां मुखत्यारानें त्याच्या वारसांच्या वतीनें, आपल्या स्वाधीन केलेल्या हिताचें रक्षण करण्यासाठीं शक्य ते सर्व उपाय केले पाहिजेत. अधिकार संपतो, कर्तव्य तत्काळ संपत नाहीं. कायदा लिहिला जाण्याच्या पाव शतक आधीं रंगो बापूजींनीं हें कलम आचरून दाखविलें होतें.

या तीन प्रसंगांत मुखत्याराची तीन रूपें दिसतात. कारनाकनें अधिकार नसतां वचन दिलें. महादजींनीं अधिकार असतां त्यांत आपला लाभ मिळविला. रंगो बापूजींनीं अधिकार संपल्यावरही कर्तव्य सोडलें नाहीं. इतिहासांत तिघांचा निवाडा करणें असेल तर एकच कसोटी लावली पाहिजे, आणि ती कसोटी कागदांतच सांपडते.

म्हणून संग्राहक बंधूंस आमची विनंति आहे. मुखत्यारपत्र, वकीलपत्र किंवा वकिलास दिलेली कलमांची यादी हातीं आली असतां पांच गोष्टी पाहाव्या व टिपून ठेवाव्या. देणारा कोण व त्यास देण्याचा अधिकार कोठून आला, घेणारा कोण, काम कोणतें व त्याची मर्यादा काय, मुदत किंवा अंत कशानें, आणि मागाहून मंजुरी आली कीं नाहीं. शिक्का व मोर्तब पाहावेंच, पण पाठीवरील पैवस्तीची तारीखही पाहावी. कारण हुकूम सुटण्याची तारीख व तो वकिलाच्या हातीं पडण्याची तारीख यांमधल्या दिवसांत वकिलानें काय केलें, यावर त्याचा दोष किंवा निर्दोषत्व ठरतें. यादी व तिच्याबरोबरचें पत्र हीं एकमेकांपासून तोडूं नयेत. आम्हीं असें पाहिलें आहे कीं, सुंदर अक्षराचें पत्र एकाच्या संग्रहांत व त्याची फाटकी यादी दुसऱ्याच्या, अशी वांटणी झाली म्हणजे दोहोंपैकीं एकही बोलेनासें होतें. पत्रांत नुसतें ‘तपशील यादीवरून कळेल’ असें असतें. आणि मर्यादा त्या यादींत असते.

त्या मागच्या बांकावरील मुलाचें नांव आम्हांस आठवत नाहीं. तो आतां प्रौढ झाला असेल, कदाचित् स्वतःच कोणाच्या कागदावर सही करीत असेल. हा लेख त्याच्या दृष्टीस पडला तर त्यानें इतकें समजावें कीं, त्याच्या प्रश्नाचें उत्तर त्या दिवशीं आम्हांस ठाऊक नव्हतें. सही कोणाची, हें आम्हीं जन्मभर शिकविलें. सहीचा अधिकार कोणाचा, हें विचारावयास त्यानें शिकविलें.